कै. मामाचा पत्रव्यवहार

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, कै. मामाचे अनेक आशीर्वाद.

दचकू नकोस. कै. मी लावलेलं नाही, तू लावलंस. काल दाढी करायला गेलो होतो. न्हावी दुसऱ्याच्या गालाला साबण फासत होता, म्हणून समोर पडलेलं मासिक उचललं. पान बेचाळीसवर तुझं नाव. म्हटलं वा, आमची भाची छापून आली. कौतुकाने वाचत गेलो आणि पान सत्तेचाळीसवर, शेवटून तिसऱ्या ओळीत, मेलो. माझा चेहरा बघून न्हाव्याने विचारलं, काय झालं हो? म्हटलं, घरातलं एक माणूस गेलंय. त्याने बिचाऱ्याने मला रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतलं.

आता गाऱ्हाणी ऐक. एक तर तू मला घड्याळजी केलंस. मी पाट्या रंगवणारा माणूस. जन्मात कुठे वेळेवर पोचलो नाही आणि तुझ्या गोष्टीत मी घरोघर जाऊन सगळ्यांची घड्याळं स्वतःच्या वेळेला लावतो. लोकांना ओळखू येऊ नये म्हणून बदललंस, हे कळतं मला. पण खरं होतं तेच जास्त मजेचं होतं, आणि ते तुला कुणी धड सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा तू पंधरा वर्षांची, शाळेत गेलेली.

मी गल्लीतल्या एकतीस घरांचे नंबर बदलले होते. सहा दिवसांत, ऑइल पेंटमध्ये, दोरीने रेघा आखून, अंकांच्या सावलीसकट. कुणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं नगरपालिकेचं काम आहे. तिघांनी तर पाणी विचारलं. कुणाच्या घरी माणूस निवांत बसू शकतो, त्या क्रमाने मी नंबर दिले होते. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर जन्मापासून एक नंबरला, त्याला मी एकतीस दिला. तुमचं घर चौदा, ताईच्या दारावर मी एक काढला. डॉक्टर लोक याला आजार म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. झोप नाही, जेवण नाही, आणि इतका शहाणा मी कधीच नव्हतो असं वाटत होतं. पुढचे पंधरा दिवस पोस्टमन रडकुंडीला आला होता म्हणे. मी तोवर दवाखान्यात होतो.

दुसरं, दवाखान्याची गाडी आली तेव्हा मी आरडाओरडा केला असं तू लिहिलंयस. बरं. तिसरं म्हणजे मरण. त्याबद्दल भेटीअंती बोलू.

खरं विचारायचं ते वेगळंच आहे. ताईने गोष्ट वाचली का? नऊ वर्षं झाली. दवाखान्यातून सुटल्यावर मी इकडे मित्राच्या कारखान्यात आलो, वरच्या खोलीत राहतो, गोळ्या वेळेवर घेतो, दुकानांच्या पाट्या रंगवतो. तिचं एक अक्षर नाही. मीही लिहिलं नाही, कारण गल्लीत तिला मान खाली घालायला लावली ती मीच. पण ती मला ठोंब्या म्हणायची. नऊ वर्षं मला कुणी ठोंब्या म्हटलेलं नाही. इथे सगळे साहेब म्हणतात, त्याने माणूस थकतो.

नेहमीप्रमाणे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय.

तुझा,
कै. मामा


९ फेब्रुवारी

प्रिय (आणि ठणठणीत) मामास,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका कवळीची पावती फाडत होते. हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात छत्र्या येतात, डबे येतात, पण ही वरची कवळी आठ महिने पडून होती. काल एक आजोबा आले, खिडकीतच घालून बघितली आणि 'माझी नाही' म्हणून परत दिली. त्या हातांनी तुझं पाकीट फोडलं, माफ कर.

मारल्याबद्दलही माफ कर. खरं सांगू का, शेवट सुचेना. बरा झाला लिहिलं तर खोटं वाटत होतं, आजारीच राहिला लिहिलं तर मला रडू येत होतं. संपादक म्हणाले, परवापर्यंत द्या. मग एका ओळीत तुला संपवलं आणि पाकीट पोस्टात टाकून आले.

आईचं विचारलंस. ऐकायचंच असेल तर ऐक. मासिक आलं त्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि पान बेचाळीस ते सत्तेचाळीस ब्लेडने कापून काढली. स्वतः ग्रंथपाल. पुस्तकाचा कोपरा दुमडला तर लोकांना दारात उभं करून झापणारी बाई. आता तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन विचारतात, मधली पानं कुठे गेली, आणि आई सांगते, छापखान्याची चूक आहे. घरी मला फक्त एवढंच म्हणाली, दार तुला दिसलं होतं का?

ते गोष्टीतल्या त्या वाक्याबद्दल. 'बहिणीने दार लावून घेतलं.' मी म्हटलं, गोष्ट आहे ती, आई. ती भाजी चिरायला लागली.

तेव्हा तिकडे काही आशा नाही, मामा. मात्र बाहेरच्या लोकांनी कहर केलाय. संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. निवडक तुला पाठवते, तुझ्याच मरणाची आहेत. वाच आणि हस.

तुझी,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

वाचली. हसलो, आणि मग हसू आवरून उत्तरंही पाठवली. ओरडू नकोस. माझ्याबद्दल लोक लिहितात आणि मी गप्प बसायचं, हा कुठला न्याय? कारखान्यात हल्ली काम कमी आहे. नकला तुला पाठवतो.

वजनमापे खात्यातल्या निवृत्त साहेबांना, ज्यांनी लिहिलंय की असं घड्याळ त्या काळात मिळतच नव्हतं: 'आपलं बरोबर आहे. लेखिकेला घड्याळातलं काही कळत नाही. ती लहानपणी सव्वाला पाऊण म्हणायची. आपला, कै. घड्याळजी.'

शिवणवर्गाच्या बाईंना, ज्यांच्या वर्गातल्या अठरा जणी रडल्या आणि त्या दिवशी एकही बाही सरळ बसली नाही: 'बाह्यांबद्दल दिलगीर आहे. माझ्यासाठी रडलात, छान वाटलं. पण तुमच्या अठरा जणींपैकी दोघी-तिघींच्या घरी माझ्यासारखा कुणीतरी जिवंत असेल. त्याच्यासाठी रडू नका, त्याला चहाला बोलवा.'

आणि त्या बाईंचं पत्र, ज्यांचा नवरा चार महिने पलंगावरून उठत नाही आणि लोक त्याला आळशी म्हणतात. त्यांनी गोष्ट त्याला मोठ्याने वाचून दाखवली, संपल्यावर तो उठला, भिंतीवरचं बंद घड्याळ खाली काढलं, त्यात सेल घातला आणि परत जाऊन झोपला. 'पण घड्याळ चालू आहे,' असं त्यांनी शेवटी लिहिलंय. भिंगरे, ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यांना मी लिहिलं: 'बाई, तो आळशी नाही. सेल घालायला उठला म्हणजे किती लांब जाऊन आला तुम्हाला कल्पना नाही. मी एकदा पाच महिने असाच पडून होतो, चप्पल पायात घालायला सकाळ जायची. त्याला चांगल्या डॉक्टरकडे न्या, सोबत बसा, आणि घड्याळ वेळेवर आहे असं त्याला मधूनमधून सांगत जा. आणि मी मेलो हे खोटं आहे. त्याला मुद्दाम सांगा.'

आता तुला एक सांगतो, लेखिका म्हणून नोंद घे. मेलेल्या माणसासाठी रडणं लोकांना सोपं जातं. गोळ्या घेऊन जगणाऱ्याचं काय करायचं, हे कुणाला कळत नाही. तूही त्यातलीच निघालीस म्हणून थोडा राग आला होता. आता गेला.

कै. मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

तू मला नोकरीवरून नाही तर लेखनावरून नक्की काढणार. संपादकांचं पत्र आलंय. 'आपल्या कथेतील मृत पात्राकडून आमच्या वाचकांना उत्तरे जात आहेत. हा काय प्रकार आहे?' आणि खाली, शाईचा रंग बदलून, 'तथापि पत्रांचा ओघ तिप्पट झाला आहे, तरी कृपया थांबवू नये.' त्यांना ही गोष्ट एका पुस्तकातही घ्यायची आहे. विचारतात, शेवट हाच ठेवायचा का. मी अजून कळवलं नाही.

शिवणवर्गाच्या बाईंनी कळवलंय की त्यांच्याकडे सहा जण चहाला येऊन गेले. त्यातला एक फार बोलतो.

सोबत एक पत्र पाठवतेय. यावर ना नाव आहे ना पत्ता. सगळी अक्षरं सुटी, मोठी, शाळेच्या फळ्यावर काढतात तशी. मला वाटतं दवाखान्यातली कुणी नर्स असावी, किंवा एखादी विक्षिप्त बाई, जिला दुसऱ्याच्या गोष्टी दुरुस्त करायची सवय आहे. कारण यातलं काहीच माझ्या गोष्टीत नाही. तू उत्तर देऊ शकणार नाहीस, तेवढीच एक सुटका.

भिंगरी


(सोबतचे पत्र)

लेखिकेस,

पान ४६, दुसरा परिच्छेद, ओळ ९. तो ओरडला नव्हता. शांतपणे गाडीत चढला. थंडी होती. गाडीतून मागे वळून त्याने स्वेटर मागितला. एवढंच म्हणाला, स्वेटर दे गं. स्वेटर तिच्या हातात होता. दवाखान्याच्या कागदावर सही करून झाल्यावर तिनेच तो आतून आणला होता. पण पाय हलले नाहीत आणि गाडी गेली.

पान ४६, ओळ १४. दार लावलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत उघडं होतं.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.

एक वाचक


६ मार्च

चि. भिंगरीस,

पत्र पोचलं. या वाचकाला उत्तर मी परस्पर टाकलं आहे. पत्ता नव्हता, पण असले पत्ते मला आठवतात.

आज जास्त लिहीत नाही. मिठाईच्या दुकानाची पाटी वाळायची आहे आणि तिच्यातलं एक अक्षर मी आज तीनदा पुसून काढलंय. घाबरू नकोस, गोळ्या घेतल्या आहेत. हे वेगळं आहे.

मामा


१९ मार्च

मामा,

काय लिहिलं होतंस तू त्या पत्रात? आणि कुठे टाकलंस?

गेल्या आठवड्यात मंगळवारी मी घरी होते. पोस्टमन आला, तोच आपला जुना, आता चष्मा लागलाय. त्याच्यामागे दातांचा डॉक्टर, तणतणत. म्हणत होता, पाकिटावर स्वच्छ लिहिलंय, 'वाचक, घर नंबर एक', घर नंबर एक माझं आहे, पत्र माझं आहे. पोस्टमन ढिम्म. म्हणाला, 'डॉक्टर, या अक्षरातला एक नंबर म्हणजे चौदा. मी पंधरा दिवस पायपीट करून पाठ केलंय, ते काय विसरणार?' आणि पाकीट आईच्या हातात दिलं.

आईने ते उलटंपालटं केलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावलं. हे मात्र खरोखर लावलं, मी डोळ्यांनी बघितलं.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. बुधवारी ती वाचनालयात गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं. हो, उघडलं, तुझीच भाची आहे. वरच्या फळीवर कापलेली ती पानं होती, वाचनालयाच्या कव्हरमध्ये नीट घातलेली, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत दुरुस्त्या. 'ओरडला नाही.' 'दार उघडं.' शेवटून तिसऱ्या ओळीभोवती चौकट, आणि बाजूला फक्त, 'कोण म्हणतं?' पानांखाली तुझा तपकिरी स्वेटर.

मामा, मी तिथेच खाली बसले. ती मला विचारत होती, दार तुला दिसलं होतं का, आणि मी तिला म्हटलं, गोष्ट आहे ती. अठरा बायका माझ्या वाक्यावर रडल्या आणि ते वाक्य खोटं होतं. पानं तिने लोकांपासून लपवायला कापली असं मी समजत होते. ती घरी आणून पुनःपुन्हा वाचत बसली होती. आणि मी तिला विक्षिप्त बाई म्हटलं, तेही तुझ्याकडे.

दहा दिवस झाले. आई जेवायला वाढते, वाचनालयात जाते. तू सुखासुखी खोडी काढलीस आणि आता आमच्या घरात सुईसुद्धा पडली तर ऐकू येईल. काय लिहिलंस ते कळव.

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,

काय लिहिणार? चार ओळी.

'वाचकास, दुरुस्त्या मान्य. पान ४६ वरच्या माणसाला तेव्हाही माहीत होतं की स्वेटर हातात आहे. त्याला दिसत होता. त्याने सहीबद्दल कधी राग धरला नाही, सही झाली नसती तर तो आज उत्तर द्यायला उरला नसता. स्वेटरला कसर लागली नसेल तर तो परत हवा आहे. आपला, मयत.'

विनोद केला नसता तर पत्र पुरंच झालं नसतं, तुला माहीत आहे मी कसा आहे. पण आता वाटतं, शेवटचं वाक्य नको होतं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा लिहायचं आणि त्यात कसरीचं लिहायचं, म्हणजे मी खरोखर ठोंब्या. पोस्टाची वेळ झाली की मी जिन्यात जाऊन उभा राहतो. कारखान्यातले विचारतात, साहेब, कुणाची वाट बघताय? मी सांगतो, टर्पेन्टाइनची.

ती नाही लिहिणार बहुतेक. तिला काही बोलू नकोस. आणि तू रडत बसू नकोस, तू पंधरा वर्षांची होतीस. तुझ्या खोट्या वाक्याने खरं पत्र बाहेर काढलं, हे काय कमी झालं? शेवट मात्र बदल. माझ्यासाठी नाही, त्या सेलवाल्या बाईंच्या नवऱ्यासाठी. तो पुस्तकातही वाचेल.

मामा


११ एप्रिल

ठोंब्या,

कसर लागलेली नाही. दर सहा महिन्यांनी उन्हात घालते. मला काय समजलास?

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला वेळ लागला, कारण चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू लिहिलंयस, राग धरला नाही. मी नऊ वर्षं समजत होते की धरलास. सही मी केली, स्वेटर मी दिला नाही, आणि सुटल्यावर तू इकडे न येता मित्राकडे गेलास. मी म्हटलं, बरोबर आहे, कुठल्या तोंडाने बोलवू. तू म्हणे समजत होतास की मला तुझी लाज वाटते. भिंगरीने आता सगळं सांगितलं. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर पत्रं लिहिता, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. तिच्या पर्समध्ये तुझ्या पाकिटांना रंगाचा वास येतो. ती पर्स ठेवून जायची आणि मी वास घ्यायचे. बरा आहेस एवढं त्यावरून कळायचं.

लाज कसली? दातांच्या डॉक्टरला एकतीस नंबर दिलास तेव्हा निम्मी गल्ली मनातून खूश होती. मला भीती वाटली होती, ठोंब्या. तू सहा दिवस झोपला नव्हतास आणि हसत होतास. तसं हसताना मी तुला कधी बघितलं नव्हतं.

तू गेल्यावर नगरपालिकेचा माणूस सगळे नंबर खरवडायला आला. आमच्या दारापाशी मी त्याला थांबवलं. म्हटलं, एक खरवडायचा नाही. तो म्हणाला, बाई, तुमचा नंबर चौदा आहे. म्हटलं, मग पुढे चार काढा. तर चौदातला एक तुझा आहे, सावलीसकट. चार त्याने काढलाय आणि तो बघवत नाही. नऊ वर्षं मी दारातून ये-जा करते ती त्या चारावरून नजर चुकवून.

तेव्हा ब्रश घेऊन ये. चार नीट कर. एकाला हात लावायचा नाही.

येताना गोळ्यांची डबी विसरू नकोस. त्या वाचनालयातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी कापलेली पानं वाचायला दिली. ते म्हणाले, शेवट पटला नाही. मी म्हटलं, मलाही.

ताई


१४ एप्रिल

चि. भिंगरीस,

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. संपादकांना कळव की पान सत्तेचाळीसवरचा माणूस शेवटून तिसऱ्या ओळीत स्वेटर घालून बाहेर पडला. वजनमापेवाल्या साहेबांची काही हरकत असेल तर मला लिहितील.

ताईला सांगू नकोस, पण चार काढायला दहा मिनिटं लागतात. मी आठ दिवस लावणार आहे.

मामा
(कै. खोडलं आहे)